डॉक्टरांचा ब्रेक आणि कर्नलची दाढ

दातांच्या डॉक्टरांच्या मोटरसायकलचा ब्रेक ओरडायला लागला, तेव्हा बरेच दिवस खुद्द डॉक्टरांना त्याचा पत्ताच नव्हता. दिवसभर कानाशी ड्रिल फिरवणाऱ्या माणसाला तसले आवाज ऐकू येईनासे होतात. ऐकू यायचं ते दवाखान्यात ताटकळत बसलेल्या पेशंटांना. डॉक्टर रोज सकाळी ऐटीत दवाखान्याच्या दाराशी येऊन पुढचा ब्रेक दाबायचे आणि त्यातून असा टिपेचा, लांबलचक, थेट दाताच्या मुळाला जाऊन भिडणारा आवाज निघायचा की बाकावरची माणसं ओळीने गाल धरायची. आत तर कोणी नाही, डॉक्टर अजून बाहेर, मग हे कोणावर चाललंय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा. एक गृहस्थ तर "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून उठले ते चपला तिथेच सोडून गेले. त्या चपला न्यायलाही पुन्हा आले नाहीत.

"डॉक्टर, रागावणार नसाल तर एक सांगू?" पेशंटची नावं पुकारणाऱ्या सिस्टर एके दिवशी रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही गाडी कोपऱ्यावर लावून चालत येत जा."

डॉक्टरांना हे लागलं. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. आपल्या हाताला कसं म्हणून दुखत नाही, हे लोकांनी एकमेकांना सांगावं यासाठी त्यांनी उभं आयुष्य वेचलं होतं. आणि आता एक गाडी रोज सकाळी दारात उभी राहून त्यांची बदनामी करत होती.

साधा उपाय म्हणजे मेकॅनिक. पण मेकॅनिकचं प्रकरण नाजूक होतं. त्याच्या एका दाढेचं काम डॉक्टरांनी निम्मं केलं होतं आणि उरलेलं निम्मं करून घ्यायला तो येत नव्हता. डॉक्टरांच्या ब्रेकचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की तो गॅरेजचं शटर आतून खाली ओढायचा. डॉक्टर शटर वाजवायचे. आतून पान्याचा आवाज यायचा, मग तोही थांबायचा. शेवटी डॉक्टरांनी बंद शटरकडे तोंड करून, "अरे, मी गाडीसाठी आलोय," असं सांगून पाहिलं. आतून कोणीतरी आवाज बदलून म्हणालं, "मालक गावाला गेलेत."

"पुलापलीकडे दुसरं गॅरेज आहे की," डॉक्टरांची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर आधी दिसायचं. नवऱ्याला ते उशिरा दिसतं, हे तिने लग्नानंतर लवकरच स्वीकारलं होतं.

"अगं, दोन पॅड तर बदलायचेत. जुने काढायचे, नवे बसवायचे. मी माणसाच्या तोंडात, आरशात बघून, उलट्या हाताने, अक्कलदाढेच्या मागच्या बाजूला सिमेंट भरतो. आणि हे चाक तर उघड्यावर आहे. ते जीभही मध्ये आणत नाही."

"बरं," बायको म्हणाली. तिचं 'बरं' फार वाईट असायचं.

सुट्या भागांच्या दुकानात डॉक्टर गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "पुढचे की मागचे?" डॉक्टर सवयीने म्हणाले, "पुढचे, खालचे." दुकानदार बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग गाडी कोणती, असं त्याने फार हळुवारपणे विचारलं आणि एक छोटं खोकं त्यांच्या हातात ठेवलं.

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये शस्त्रक्रियेची तयारी झाली. डॉक्टरांनी गाडीच्या पुढच्या चाकाशी एक धुतलेली चादर अंथरली. त्यावर स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये पाने आणि स्क्रू ड्रायव्हर लांबीप्रमाणे लावलेले, शेजारी कापसाचे बोळे. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, कपाळावर दिवा. पायात मात्र घरातल्या स्लिपर होत्या, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी पायांकडे कोणी बघत नाही. बाल्कनीतून बायकोने खाली पाहिलं आणि ती चहाचा कप घेऊन खुर्चीच बाहेर घेऊन बसली.

चाकाजवळची ती लोखंडी पकड, जिच्या पोटात दोन पॅड असतात आणि ते दोन्ही बाजूंनी चकतीला चिमटा काढून गाडी थांबवतात, ती डॉक्टरांनी दोन बोल्ट फिरवून अलगद मोकळी केली. जुने पॅड बाहेर आले. झिजून झिजून पापडासारखे पातळ झाले होते. डॉक्टर स्वतःशीच म्हणाले, "केव्हाच यायला हवं होतं तुम्ही." हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणतात याला गणती नव्हती, पण ऐकून घेणाऱ्याने उलट उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच घडलं.

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. इथे नाना आले.

नाना म्हणजे तळमजल्यावरचे शेजारी. त्यांचं आयुष्य शिवणयंत्रांच्या दुकानात गेलं होतं आणि जगात जे जे फिरतं ते ते एक प्रकारचं शिवणयंत्रच आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती.

"काय ओरडतंय का?" नानांनी विचारलं.

"ओरडत होता. पॅड बदलतोय."

"तेल सोडा."

"नाना, ब्रेकला तेल सोडत नाहीत."

"कोण म्हणतं? ओरडतंय म्हणजे कोरडं पडलंय. मी आयुष्यभर तेच केलं. एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे, की लोण्यासारखं फिरतं." नानांच्या खिशातून चोच असलेली तेलाची बुदली बाहेर निघालीसुद्धा.

"नाना, ते फिरायला नकोय. ते थांबायला हवंय."

हा मुद्दा नानांनी नीट विचारात घेतला. थांबण्यासाठी बनवलेलं यंत्र त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं. बुदली खिशात गेली खरी, पण नानांचे हात मोकळे झाले आणि मोकळे हात ही नानांची अडचण होती. डॉक्टर चकती पुसायला वाकले, तेवढ्यात नानांनी हँडलवरच्या एका डबीचं झाकण फिरवून काढलं. "आत हवा कोंडली असेल," ते म्हणाले. त्या डबीत ब्रेकचं तेल होतं. ब्रेकमध्येही तेल असतंच, हे बघून नानांना फार समाधान झालं आणि त्या समाधानाच्या भरात त्यांनी ब्रेकची लिव्हर चांगली कचकचून तीन-चारदा दाबली. "आता लागतोय का बघतो."

पॅड जागेवर नसताना लिव्हर दाबली, की पकडीच्या आतला लोखंडी दट्ट्या बाहेर सरकतो. तो सरकला. डॉक्टर मान वर करतात तर दट्ट्या नव्याने उगवलेल्या दातासारखा बाहेर डोकावत होता आणि नव्या पॅडना बसायला जागाच उरली नव्हती.

"अरे वा," नाना म्हणाले. "काहीतरी निघालं की बाहेर."

डॉक्टरांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. दोन्ही अंगठ्यांनी पाहिलं. मग जमिनीवर फतकल मारून, पकड मांडीत धरून, जसा हट्टी पेशंट धरावा तशी धरून पाहिली. दट्ट्या हलेना. अखेर बायकोने बाल्कनीतून लाटणं खाली सोडलं. का, ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. लाटण्याची तरफ करून डॉक्टरांनी सगळा जोर लावला, तसा दट्ट्या एकदम मुकाट्याने आत गेला. मात्र आत गेला म्हणजे त्याच्या मागचं तेल वर चढलं, आणि वरच्या डबीचं झाकण नानांच्या हातात होतं.

तेल टाकीवर सांडलं. डॉक्टरांनी घाईघाईने कापसाने टिपलं. कापूस लाल झाला. रक्त बघायची सवय असलेला माणूस, पण हे बघून ते चरकले, कारण गाडीची टाकी लाल होती आणि कापसाने टिपलं की ती कमी कमी लाल होत होती. ब्रेकचं तेल रंग खातं, हे त्यांना तिथल्या तिथे, कोणी न शिकवता समजलं. बादलीभर पाणी ओतून झालं तेव्हा टाकीच्या मधोमध एक पांढुरका डाग उरला होता. नानांनी मान तिरपी करून तो पाहिला आणि बदकासारखा दिसतो असं मत दिलं.

"नाना," डॉक्टर शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "झाकण लावा. आणि आता माझं काम संपेपर्यंत त्या लिव्हरला कोणीही हात लावायचा नाही. तुम्ही नाही, मी नाही, कोणी नाही."

हा हुकूम पुढे कसा महागात पडणार होता, याची त्या घडीला कोणालाच कल्पना नव्हती.

एवढ्यात कर्नल आले. कर्नल हे सोसायटीचे सेक्रेटरी. ते लष्करात कधीही नव्हते, पाणीपुरवठा खात्यात होते, पण पाणी सोडण्याची वेळ त्यांनी नोकरीभर इतक्या कडकपणे पाळली की लोकांनी त्यांना बढती देऊन टाकली. आज मात्र कर्नलचा रुबाब जरा वाकडा होता. डावा गाल पावासारखा फुगला होता आणि हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधला होता. इमारतीत दातांचा डॉक्टर राहतो म्हणून कर्नल गेले काही दिवस मागच्या जिन्याने ये-जा करत होते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"पार्किंगमध्ये दुरुस्तीकाम करायला बंदी आहे," कर्नल एका बाजूच्या तोंडाने म्हणाले. "नियम आहे."

"हे दुरुस्तीकाम नाही. नुसती बदली आहे. जुने काढून नवे घालायचे."

"खिडकी बदलली तरी परवानगी लागते. समितीचा ठराव लागतो."

"मग घ्या समिती बोलावून."

कर्नलनी आजूबाजूला पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की समिती हजरच आहे. समितीत तिघं होते: स्वतः कर्नल, नाना, आणि खजिनदार म्हणून डॉक्टरांची बायको, जी बाल्कनीत का होईना पण बसलेली होती. मग पकड सुटलेल्या चाकाभोवती रीतसर सभा भरली. नाना बाजूने होते, कारण काम अर्धवट सोडलं तर यंत्राला गंज चढतो. कर्नल विरुद्ध होते. आता सगळी मदार बाल्कनीवर.

"खजिनदार?" कर्नलनी मान वर करून विचारलं. मान वर केल्यावर त्यांना बरंच दुखलेलं दिसलं.

"मी तटस्थ," बायको म्हणाली.

"तटस्थ?" डॉक्टर मास्कमधून म्हणाले. "अगं, नवरा आहे मी तुझा."

"म्हणूनच तर. उद्या लोक म्हणतील, घरच्यांच्या बाजूने मत दिलं."

डॉक्टरांनी फक्त कपाळावरचा दिवा विझवला. मोठ्या माणसाला आपला अपमान दाखवायला एवढं पुरतं. पण दिवा विझवताना त्यांचं लक्ष कर्नलच्या गालाकडे गेलं आणि धंद्याची नजर जागी झाली. त्यांनी दिवा परत लावला.

"कर्नल, आ करा."

"मी सभेसाठी आलोय."

"सभा चालू ठेवा. नुसतं आ करा."

कपाळावर दिवा लावलेल्या माणसाने एका विशिष्ट आवाजात आ करा म्हटलं, की माणसाचं तोंड त्याला न विचारता उघडतं. कर्नलचं उघडलं. आत खालची एक दाढ जत्रेतल्या पाळण्यासारखी झुलत होती. "ही काढायला हवी," डॉक्टर म्हणाले. "नुसता धक्का लागला तरी येईल."

"उद्या," कर्नल घाईने म्हणाले. "उद्या बघू. परवा." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दाढ काढण्यापेक्षा ठराव मंजूर करणं त्यांना सोपं वाटलं असावं. आवाज न करण्याच्या अटीवर काम करू द्यावं, असं एकमताने ठरलं. तात्पुरता आराम म्हणून डॉक्टरांनी औषधात भिजवलेला कापसाचा भला मोठा बोळा त्यांच्या गालात कोंबला आणि सांगितलं, "आता बोलू नका." ही सूचना सोसायटीतल्या लोकांनी वर्षानुवर्षं मनातल्या मनात दिली होती.

नवे पॅड खोक्यातून निघाले. एका बाजूला चकचकीत लोखंड, दुसऱ्या बाजूला काळा, खरखरीत थर. डॉक्टरांनी ते पकडीत बसवले, पकड चकतीवर चढवली, बोल्ट आवळले आणि मागे सरकून समाधानाने पाहू लागले. कर्नलही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. आवाज होत नाही ना, हे बघायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. वाकल्या वाकल्या ते अस्वस्थ झाले.

"उलते," कर्नल बोळ्यातून म्हणाले.

"काय?"

"उलते. उलते हायेत."

"उलटी?" डॉक्टर म्हणाले. "होते काही जणांना. त्या औषधाचा वास उग्र असतो. नाकाने मोठा श्वास घ्या."

कर्नलनी जोरजोराने मान हलवली आणि चाकाकडे बोट केलं.

"इथे नको," डॉक्टर चाकाच्या आड येत म्हणाले. "आत्ताच बसवलंय सगळं. नाना, त्यांना तिकडे कुंडीकडे न्या."

नानांनी कर्नलना दंडाला धरून कुंडीपाशी नेलं आणि पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. कर्नल परत चाकाकडे आले. नानांनी परत नेलं. बायको रिकामी बादली घेऊन खाली धावत आली आणि ती बादली जिकडे कर्नल तिकडे धरून उभी राहू लागली. "होऊन जाऊ द्या," ती समजुतीने म्हणाली. "लाजायचं काय त्यात." कर्नलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अखेर त्यांनी दोन बोटांनी गालातला बोळा ओढून बादलीत टाकला, दोन्ही हात समोर धरले आणि तळवे एकदा आतून, एकदा बाहेरून असे फिरवून दाखवले.

"पॅड उलटे आहेत," ते म्हणाले. "काळी बाजू बाहेर आलीय."

डॉक्टर खाली बसले आणि दिव्याच्या उजेडात त्यांनी पाहिलं. चकतीला चिकटायची खरखरीत बाजू खरोखरच पाठ फिरवून बसली होती, आणि लोखंडाला लोखंड भिडलं होतं. असाच जर तो ब्रेक लागला असता तर निघालेल्या आवाजाने पुलापलीकडच्या गॅरेजनेही शटर ओढलं असतं.

"तोंडात काही असलं की माणसाचं बोलणं समजत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या धंद्यात हे चांगलंच ठाऊक असलेलं सत्य होतं आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. कर्नल पुन्हा बोळा घालून घ्यायला तयार झाले नाहीत.

पॅड सुलटे बसले. बोल्ट आवळले. डॉक्टरांनी मोजे काढले, ट्रे झाकला आणि बायकोला म्हणाले, "चल, बस मागे. एक चक्कर मारू."

"आधी तुम्ही एकटे जाऊन या," बायको म्हणाली. हे तिचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं असणार.

पॅड नवे बसवले की निघण्याआधी लिव्हर चार-सहा वेळा दाबून घ्यावी लागते, तेव्हा कुठे आत गेलेला दट्ट्या पुढे येऊन पॅडना टेकतो. ही गोष्ट डॉक्टरांना माहीत नव्हती, आणि चुकून कळलीही नसती, कारण लिव्हरला हात लावायचा नाही हा त्यांचाच हुकूम होता आणि तो सगळ्यांनी पहिल्यांदाच इमानाने पाळला होता. आवाज करायचा नाही म्हणून डॉक्टरांनी इंजिनही सुरू केलं नाही. गाडीवर बसून, पायाने ढकलत, पार्किंगच्या उतारावरून ते फाटकाकडे सुटले.

फाटकात कर्नल उभे होते. ब्रेकची तपासणी समितीसमोरच झाली पाहिजे, असं ठरवून त्यांनी हात वर केला होता.

डॉक्टरांनी लिव्हर दाबली. ती थेट मुठीपर्यंत आली, एखाद्या गरीब स्वभावाच्या माणसासारखी, कसलाही विरोध न करता. गाडीचा वेग तसा कमीच होता. इतका कमी की, "बाजूला व्हा," "का?" आणि "ब्रेक नाही," एवढं संभाषण वाटेत पूर्ण झालं. पण कर्नल हलले नाहीत. हात वर केल्यावर वाहन थांबतं, यावर त्यांचा विश्वास होता. मागच्या चाकालाही ब्रेक असतो हे डॉक्टरांना आठवलं, त्यांनी पाय शोधला, आणि पायातून स्लिपर सटकली.

पुढचं चाक कर्नलच्या दोन पायांमधून अलगद आत शिरलं. कर्नल पुढच्या मडगार्डवर बसले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि तोंड डॉक्टरांकडे करून, तसेच मागे मागे, फाटकाबाहेर गेले. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. समोरच्या बांधकामावरचा वाळूचा ढीग आला, गाडी त्यात मऊपणे घुसली, कर्नलची हनुवटी गाडीच्या दिव्यावर आपटून 'टक्' असा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

नाना आणि बायको धावत आले. कर्नल वाळूवर बसले होते. त्यांनी तोंडात जीभ इकडून तिकडे फिरवली. मग हळूच तळहातावर काहीतरी काढलं आणि ते सगळ्यांसमोर धरलं. दाढ होती. मुळासकट, स्वच्छ निघालेली.

"दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

कर्नलनी विचार केला. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य पसरत गेलं. "अजिबात नाही. कळलंसुद्धा नाही."

डॉक्टरांनी तिथेच वाळूत गुडघे टेकून जखम पाहिली, कापूस दाबला, सगळं ठीक असल्याची खात्री केली. तेवढ्यात नानांचा हात सवयीने लिव्हरवर गेला. त्यांनी ती चार-सहा वेळा कचकचून दाबली आणि म्हणाले, "आता लागतोय की हो. मघाशी काय झालं होतं?" बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. संध्याकाळी मात्र ती आपण होऊन त्याच्या मागे गाडीवर बसली, आणि कोपऱ्यावर गाडी आवाज न करता जागच्या जागी थांबली तेव्हा नवऱ्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "जमलं तुम्हाला." टाकीवरच्या बदकावर तिने हात ठेवला होता, कोणाला दिसू नये म्हणून.

त्या आठवड्यात दवाखान्याचा बाक भरू लागला. सिस्टरना वाटलं, ब्रेकचा आवाज गेल्याचा हा परिणाम. खरं कारण कर्नल होते. पाणी सोडावं तशी त्यांनी वेळच्या वेळी, घरोघरी बातमी सोडली होती: इंजेक्शन नाही, चिमटा नाही, खुर्ची नाही, आपण नुसतं उभं राहायचं.

डॉक्टरांनी हे ऐकलं ते एका म्हाताऱ्या मावशींच्या तोंडून. त्या पुलापलीकडून दुखरी दाढ घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी खुर्ची पुसली, दिवा ओढला, "बसा मावशी," म्हणाले. मावशी बसायला तयार होईनात. त्यांनी पदर खोचला, दाराबाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एक हात वर करून डॉक्टरांना म्हणाल्या,

"हं, आणा गाडी. मी तयार आहे."